विश्वकिरण, मेसॉन आणि द्रव्याचे अंतरंग

नाशिक शहराच्या दक्षिणेस उभ्या असलेल्या ज्या डोंगरास आज पांडवलेण्यांचा डोंगर म्हणून ओळखतात, त्याचे प्राचीन नाव त्रिरश्मी असे होते. नहपानाचा जामात उषवदात याच्या शिलालेखात हे नाव आले आहे. सातवाहनांच्या प्राकृत लेखात त्याचे तिरण्हु असे रूप आढळते. रश्मी म्हणजे किरण. हे नाव त्या डोंगरास कसे प्राप्त झाले हा स्थलनामांच्या अभ्यासकांचा प्रश्न आहे. प्रस्तुत विवेचनापुरते एवढेच ध्यानात घ्यावयाचे, की या डोंगराच्या कातळातून अहोरात्र काही ‘किरण’ खरोखरीच पार होत असतात. लेण्याच्या बाहेर उघड्या आकाशाखाली तळहात आडवा धरला, तर त्याच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरमधून दर मिनिटास सरासरीने एक म्यूऑन नावाचा कण आरपार जातो. आतील खोलीत ही संख्या पुष्कळच घटते, परंतु शून्य होत नाही. सह्याद्रीच्या काळ्या कातळाचा एक मीटर जाडीचा थर ओलांडताना म्यूऑनाची सुमारे अर्धा अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा खर्ची पडते. जमिनीवर पोचणाऱ्या म्यूऑनांची सरासरी ऊर्जा चार अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्टांच्या आसपास असते. तेव्हा दहा मीटर जाडीच्या छताखाली बसलेल्या भिक्षूपर्यंत पोचावयाचे, तर त्या कणास सरासरीहून अधिक शिदोरी बरोबर घेऊन निघणे भाग आहे.

येथे इलेक्ट्रॉन-व्होल्ट या एककाचा खुलासा करणे आवश्यक आहे. एक व्होल्ट विद्युत्‌दाबाचे अंतर ओलांडताना एका इलेक्ट्रॉनास जी ऊर्जा प्राप्त होते ती एक इलेक्ट्रॉन-व्होल्ट होय. विजेरीतील साध्या घटाकडून इलेक्ट्रॉनास दीड इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा मिळते. या मापाशी तुलना केली म्हणजे अब्जांची भाषा केवढ्या मोठ्या ऊर्जेची आहे हे कळून येईल.

या कणांना ‘विश्वकिरण’ ही जी संज्ञा रूढ झाली आहे ती वस्तुतः एका चुकीचा अवशेष आहे. व्हिक्टर हेस याने १९१२ साली फुग्यातून वर जाऊन हे प्रारण आकाशातून येते असे दाखविले. पुढे १९२५ च्या सुमारास मिलिकन याने त्यास विश्वकिरण असे नाव दिले, ते अतिभेदक गॅमा किरण आहेत अशा समजुतीने. बाहेरून येणारे हे प्रारण मुख्यत्वे प्रोटॉनांचे बनलेले असते, हे नंतर निष्पन्न झाले. समजूत गेली, नाव राहिले. आणि मराठीनेही ते भाषांतर करून जसेच्या तसे घेतले. शास्त्रीय परिभाषेत असे अवशेष जागोजागी सापडतात. पुढे आणखी एक अधिक मनोरंजक उदाहरण यावयाचे आहे.

द्रव्याचे अंतरंग जाणण्यासाठी एवढ्या प्रचंड ऊर्जेचे कण कशास हवेत, हा मूळ प्रश्न. पाहणे म्हणजे वस्तूवर काही आपटविणे आणि ते कसे परत येते वा विखुरते याची नोंद घेणे. डोळा हेच करतो. तेथे आपटणारी वस्तू प्रकाश असते. परंतु दृश्य प्रकाशाची तरंगलांबी ४०० ते ७०० नॅनोमीटर असते, आणि अणूचा आकार तिच्या हजारो पटींनी लहान असतो. समुद्राच्या लाटेवरून तळाच्या वाळूच्या कणाचा आकार ठरविता येत नाही, त्यातलाच हा प्रकार. लुई द ब्रॉय्ली याने १९२४ मध्ये प्रत्येक गतिमान कणास तरंगलांबी असते असे प्रतिपादन केले. कणाचा संवेग जितका अधिक, तितकी ती लांबी तोकडी. एक अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेच्या इलेक्ट्रॉनाची तरंगलांबी साधारणपणे प्रोटॉनाच्या आकाराइतकी असते. प्रोटॉनाच्या आत काय आहे हे पाहावयाचे, तर त्याच्या कित्येक पट ऊर्जा हवी. उच्च ऊर्जा म्हणजे बारीक नजर, असा हा हिशेब आहे.

या पद्धतीचा आद्य नमुना म्हणजे मँचेस्टर येथील रदरफोर्डच्या प्रयोगशाळेतील प्रयोग. गायगर आणि मार्सडेन यांनी १९०९ मध्ये सोन्याच्या पातळ पत्र्यावर आल्फा कणांचा मारा केला. बहुतेक कण सरळ निघून गेले. परंतु हजारोंत एखादा कण मागे उसळून आला. यावरून १९११ मध्ये रदरफोर्डने निष्कर्ष काढला, की अणूचे जवळजवळ सर्व वस्तुमान मध्यभागी एका अत्यल्प जागेत एकवटलेले आहे. पुढे सुमारे साठ वर्षांनी तीच तर्कपद्धती एका पायरीने खाली वापरली गेली. स्टॅनफर्ड येथील तीन किलोमीटर लांबीच्या वेगवर्धकात वीस अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्टपर्यंत ऊर्जा दिलेले इलेक्ट्रॉन १९६७ पासून प्रोटॉनांवर सोडण्यात आले, आणि मोठ्या कोनातून वळणाऱ्यांची संख्या अपेक्षेपेक्षा फारच अधिक भरली. प्रोटॉन हा एकजिनसी गोळा नसून त्याच्या आत बिंदुवत् घटक आहेत, असा त्याचा अर्थ होता. गेल-मान आणि झ्वाइग यांनी १९६४ मध्ये केवळ सैद्धांतिक गरजेपोटी कल्पिलेले क्वार्क ते हेच.

प्रसंगोपात्त एका पारिभाषिक घोटाळ्याचा उल्लेख करावयास हरकत नाही. वैशेषिकांचा परमाणू हा द्रव्याचा अंतिम अविभाज्य घटक. हिंदीने इंग्रजी ‘ॲटम’साठी परमाणु हा शब्द घेतला आणि अणु हा शब्द ‘मॉलिक्यूल’साठी राखला. मराठीने ॲटमला अणू म्हटले आणि मॉलिक्यूलला रेणू. म्हणून तुर्भे येथील एकाच संस्थेच्या नावात मराठीत ‘अणुसंशोधन’ येते आणि हिंदीत ‘परमाणु अनुसंधान’. दोन्ही भाषांतील पाठ्यपुस्तके शेजारी ठेवून वाचणारा विद्यार्थी येथे हमखास अडखळतो. वैशेषिकांच्या अर्थाने ‘परम’ हे विशेषण आज द्यावयाचेच झाले, तर ते ॲटमला न देता क्वार्काला आणि इलेक्ट्रॉनाला द्यावे लागेल, तेही तूर्त.

उच्च ऊर्जेचा दुसरा उपयोग पहिल्याहून विलक्षण आहे. ऊर्जा आणि वस्तुमान ही परस्परांत रूपांतर पावतात, या आइन्स्टाइनच्या सिद्धांतानुसार पुरेशा ऊर्जेच्या टकरीतून पूर्वी तेथे नसलेले कण जन्मास येतात. घड्याळावर हातोडा मारला असता त्याचे सुटे भाग बाहेर पडावेत, तसा हा प्रकार नव्हे. येथे दोन घड्याळे आपटली असता तिसरे अखंड घड्याळ निपजते. बाह्य अवकाशातून आलेला प्रोटॉन सुमारे पंधरा-वीस किलोमीटर उंचीवर हवेतील एखाद्या अणुकेंद्रावर आदळला म्हणजे पायॉन निर्माण होतात. विद्युत्‌भारित पायॉनाचा सेकंदाच्या कोट्यवधीव्या भागात क्षय होऊन त्यातून म्यूऑन आणि न्यूट्रिनो निघतात. त्रिरश्मीच्या कातळात शिरणारा म्यूऑन असा नाशिकच्या माथ्यावरच जन्मलेला असतो.

या क्षेत्रात मुंबईचे नाव जोडले गेले ते होमी भाभा यांच्यामुळे. १९०९ मध्ये मुंबईत जन्मलेल्या भाभांनी केंब्रिज येथे असताना वॉल्टर हाइट्लर यांच्यासमवेत १९३७ मध्ये विश्वकिरणांच्या वर्षावाची उपपत्ती मांडली. उच्च ऊर्जेचा एक इलेक्ट्रॉन अणुकेंद्राजवळून जाताना प्रकाशकण उत्सर्जित करतो. त्या प्रकाशकणापासून इलेक्ट्रॉन व पॉझिट्रॉन यांची जोडी उत्पन्न होते. ती जोडी पुन्हा प्रकाशकण उत्सर्जित करते. याप्रमाणे एकाचे शेकडो होत जातात आणि ऊर्जा वाटली गेल्यावर वर्षाव ओसरतो. शिशात ही एकेक पायरी अवघ्या पाच-सहा मिलिमीटरांत पार पडते. ही उपपत्ती इतकी पक्की ठरली, की तिच्यात न बसणारे जे उरले तेच अधिक महत्त्वाचे झाले. विश्वकिरणांचा एक भाग वर्षाव न पाडता शिशाच्या जाड थरातून सरळ निघून जात असे. तो इलेक्ट्रॉनांचा असणे शक्य नव्हते. तो इलेक्ट्रॉनापेक्षा जड आणि प्रोटॉनापेक्षा हलक्या अशा नव्या कणांचा असला पाहिजे, या मताचा भाभांनी पुरस्कार केला. कॅलिफोर्नियात अँडरसन आणि नेडरमायर यांना बाष्पकोठीत अशाच कणाच्या रेखा आढळल्या होत्या.

भाभांनी १९३८ मध्ये आणखी एक गोष्ट निदर्शनास आणली. हा कण अस्थिर असेल, तर सापेक्षतासिद्धांतानुसार वेगाने धावणाऱ्या कणाचे आयुष्य स्थिर निरीक्षकास लांबलेले दिसावयास हवे. म्यूऑनाचे सरासरी आयुष्य सेकंदाच्या दशलक्षांश भागाच्या २·२ पट असते. तेवढ्या अवधीत प्रकाशाच्या वेगानेही ६६० मीटरच अंतर काटता येते. तरीही तो पंधरा किलोमीटर उंचीवरून जमिनीपर्यंत पोचतो. काळाच्या या विस्फारणाचे प्रत्यक्ष मापन रॉसी आणि हॉल यांनी १९४१ मध्ये केले.

आता नावाकडे वळू. अँडरसनने पुढे सांगितलेल्या आठवणीनुसार, त्यांनी व नेडरमायरने या कणास प्रथम ‘मेसोटॉन’ असे नाव सुचविले होते. मिलिकनने इलेक्ट्रॉन आणि न्यूट्रॉन यांचा दाखला देऊन मध्ये ‘र’ हवा असा आग्रह धरला. अँडरसनने प्रोटॉनचा दाखला दिला. पण ज्येष्ठाचा आग्रह टिकला आणि तारेने ‘र’ पाठवून नाव ‘मेसोट्रॉन’ करण्यात आले. यावर १९३९ मध्ये भाभांनी ‘नेचर’ नियतकालिकात जी हरकत घेतली ती शुद्ध व्युत्पत्तिशास्त्राची आहे. इलेक्ट्रॉन आणि न्यूट्रॉन यांतील ‘ट्र’ हा प्रत्ययाचा अंश नसून प्रकृतीचा आहे. तो ‘इलेक्ट्र’ आणि ‘न्यूट्र’ या धातुरूपांत मुळातच आहे. प्रत्यय काय तो ‘ऑन’ एवढाच. मध्य या अर्थाच्या ‘मेसो’ या ग्रीक शब्दात ‘ट्र’ नाही. सबब ‘मेसॉन’ हेच रूप तर्कशुद्ध आणि आखूडही, असे त्यांचे म्हणणे होते. मिलिकनने केलेली चूक भाषाभ्यासकांच्या चांगल्या परिचयाची आहे. प्रकृती आणि प्रत्यय यांची सीमा चुकीच्या ठिकाणी ओढून नवा प्रत्यय कल्पिण्याचे प्रकार सर्वच भाषांत घडतात. पण एखाद्या पदार्थवैज्ञानिकाने ती सीमा नेमकी दाखवून द्यावी आणि जगाने ते मान्य करावे, हे क्वचितच घडले असेल.

या कथेचा उत्तरार्ध मात्र कोणीच योजलेला नव्हता. युकावा याने १९३५ मध्ये अणुकेंद्रास एकत्र बांधणाऱ्या बलाचा वाहक म्हणून इलेक्ट्रॉनाच्या सुमारे २०० पट जड अशा कणाचे भाकीत केले होते, आणि मेसॉन म्हणजे तोच, असे सर्वांनी गृहीत धरले. वस्तुमान तर जुळत होते. परंतु रोम येथे कोन्व्हेर्सी, पान्चीनी आणि पिच्चोनी यांनी केलेल्या प्रयोगावरून १९४७ मध्ये स्पष्ट झाले, की हा कण अणुकेंद्राशी फारशी सलगी करीतच नाही. केंद्रबलाच्या वाहकास हे वर्तन शोभणारे नव्हते. त्याच वर्षी ब्रिस्टल येथे पॉवेलच्या चमूला छायाचित्रण-पायसाच्या पट्ट्यांत दोन वेगळे कण आढळले. युकावाचा कण तो पाय-मेसॉन, आणि त्याच्या क्षयातून निघालेला तो म्यू-मेसॉन. कालांतराने क्वार्क आणि प्रतिक्वार्क यांच्या जोडीने बनलेल्या कणांसच मेसॉन म्हणावे असे ठरले. म्यूऑन हा तर इलेक्ट्रॉनाचा जड भाऊ. त्यात क्वार्क नाहीत. त्याच्या नावातील ‘मेसॉन’ गळून गेले. ज्या कणासाठी भाभांनी शब्द दुरुस्त केला तोच त्या शब्दाच्या अर्थकक्षेबाहेर पडला, आणि शब्द मात्र शेकडो इतर कणांसाठी आजही चालू आहे.

पायसपट्ट्यांची पद्धत पॉवेलच्याही आधी भारतात वापरली गेली होती, हे सांगितले पाहिजे. देवेंद्रमोहन बोस आणि बिभा चौधुरी यांनी दार्जिलिंग परिसरातील उंच ठिकाणी पट्ट्या ठेवून मेसॉनाचे वस्तुमान इलेक्ट्रॉनाच्या सुमारे २०० पट असल्याचे अनुमान १९४१ मध्ये काढले होते. युद्धकाळामुळे त्यांस अधिक संवेदनशील पट्ट्या मिळाल्या नाहीत आणि तो शोध अपुरा राहिला. चौधुरी पुढे १९४९ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्थेत दाखल झाल्या. तेथील त्या पहिल्या स्त्री-संशोधक.

ही संस्था १९४५ मध्ये बंगळूर येथे सुरू होऊन त्याच वर्षअखेर मुंबईत आली. विश्वकिरण हा तिच्या प्रारंभीच्या कार्याचा प्रमुख विषय असणे स्वाभाविक होते. वेगवर्धक उभारण्यास लागणारा पैसा आणि यंत्रबळ नव्या देशापाशी नव्हते. विश्वकिरण फुकट होते. शिवाय भौगोलिक स्थान अनुकूल होते. पृथ्वीचे चुंबकक्षेत्र विषुववृत्तानजीक कमी ऊर्जेचे कण परतवून लावते. दक्षिण भारतात सरळ वरून येणाऱ्या प्रोटॉनाजवळ सुमारे १७ अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा नसेल, तर त्यास वातावरणात प्रवेशच मिळत नाही. निसर्गाने घातलेली ही चाळणी संशोधकांच्या पथ्यावर पडली. बर्नार्ड पीटर्स, यश पाल आणि देवेंद्र लाल यांनी पायसपट्ट्यांत के-मेसॉनांच्या क्षयाचा अभ्यास केला. हाच कण कधी दोन, तर कधी तीन पायॉनांत कसा मोडतो, या कोड्यातून १९५६-५७ मध्ये डाव्या-उजव्याची निसर्गातील समानता सर्वत्र पाळली जात नाही, हा धक्कादायक निष्कर्ष बाहेर पडला.

परंतु तोवर वारे फिरले होते. ब्रुकहेवन येथील यंत्र १९५२ मध्ये आणि बर्कली येथील १९५४ मध्ये चालू झाले. विश्वकिरणांची वाट पाहावी लागते. यंत्रात हवा तो कण, हव्या त्या ऊर्जेने, हव्या तितक्या संख्येने मिळतो. प्रतिप्रोटॉन १९५५ मध्ये यंत्रातच सापडला. अशा स्थितीत विश्वकिरणांच्या अभ्यासकाने काय करावे? यंत्रास जे करता येत नाही ते करावे, हे त्याचे उत्तर. आणि ते कर्नाटकातील कोलारच्या सोन्याच्या खाणीत दिले गेले.

मुंबईच्या संस्थेतील बी. व्ही. श्रीकांतन यांनी १९५० नंतरच्या काळात खाणीच्या निरनिराळ्या खोलींवर म्यूऑनांची मोजणी आरंभिली होती. पुढे मियाके, नरसिंहम् आणि रामण मूर्ती यांनी ती सर्वांत खोल पातळीपर्यंत नेली. जसजसे खाली जावे तसतशी संख्या घटत गेली, आणि तळाशी सुमारे दोन महिने वाट पाहूनही एकही म्यूऑन आला नाही. एरवी रिकामी नोंदवही हे अपयश समजले जाते. येथे त्या रिकामेपणालाच मोल आले. जेथे वातावरणातील म्यूऑन पोचत नाहीत, तेथे जर एखादा म्यूऑन दिसला, तर तो अन्य कोणीतरी जवळपासच निर्माण केलेला असला पाहिजे. न्यूट्रिनो हा तो संभाव्य जनक. हा कण द्रव्याशी इतका अलिप्त असतो, की तो सहजी पृथ्वी ओलांडून जातो. मात्र फार क्वचित तो खडकातील अणुकेंद्रावर आदळून म्यूऑन निर्माण करतो.

टाटा संस्था, ओसाका नगर विद्यापीठ आणि इंग्लंडमधील डरॅम विद्यापीठ यांनी मिळून २·३ किलोमीटर खोलीवर उपकरणे मांडली. त्यांची रचना मुद्दाम उभ्या भिंतींसारखी केली होती. एवढ्या खोलीवर जे थोडे म्यूऑन वरून पोचतात ते जवळजवळ सरळ रेषेत खाली येतात, कारण तिरक्या वाटेने खडकाची जाडी फार वाढते. तेव्हा आडवा जाणारा म्यूऑन वातावरणातून आलेला असू शकत नाही. समोरासमोरच्या चमकगणकांनी एकदम इशारा दिला, की मधल्या निऑन नळ्या उजळून कणाची वाट दाखवीत. असे आडवे कण १९६५ मध्ये आढळले. त्यांवरील लेख त्याच वर्षी १५ ऑगस्ट रोजी प्रसिद्ध झाला. दक्षिण आफ्रिकेतील खाणीत हाच प्रयोग करणाऱ्या राइन्सच्या गटाचा लेख त्यानंतर पंधरा दिवसांनी आला. वातावरणात जन्मलेल्या न्यूट्रिनोंचे हे पहिले दर्शन होते. याच न्यूट्रिनोंच्या मोजणीवरून जपानमधील सुपर-कामिओकांदे प्रयोगाने १९९८ मध्ये त्यांचे प्रकारांतर होते, म्हणजेच त्यांस वस्तुमान आहे, असे सिद्ध केले. तोपर्यंत कोलारची प्रयोगशाळा बंद होऊन सहा वर्षे लोटली होती.

त्या मधल्या काळात कोलारमध्ये आणखी एक धाडस झाले. काही एकीकृत सिद्धांतांनुसार प्रोटॉनही अमर नव्हे. तसे असेल, तर पुष्कळ प्रोटॉन एकत्र ठेवून, बाहेरच्या कणांचा उपद्रव टाळून वाट पाहिली असता एखादा मोडताना दिसावा. १४० टन वजनाचे, लोखंडाच्या थरांचे उपकरण १९८० मध्ये कार्यान्वित झाले आणि काही घटना प्रोटॉनाच्या क्षयासारख्या वाटल्यामुळे जगभर उत्सुकता निर्माण झाली. नंतरच्या मोठ्या प्रयोगांनी त्यांस दुजोरा दिला नाही. आज सुपर-कामिओकांदेच्या आधारे असे म्हणता येते, की प्रोटॉन मोडत असलाच, तर एका प्रमुख मार्गाने त्याचे आयुष्य १०³⁴ वर्षांहून अधिक आहे. कोलारचे संशोधक येथे चुकले असे म्हणणे सोपे आहे, पण ते न्याय्य नव्हे. अगदी मोजक्या घटनांवरून काय म्हणावे आणि काय म्हणू नये, हा या विद्येतील सर्वांत कठीण निर्णय असतो. प्रयोगशाळा १९९२ मध्ये आणि खाणी २००१ मध्ये बंद झाल्या.

मुंबईचे संशोधक मग यंत्रांकडे वळले, पण ती यंत्रे परदेशांतील होती. फर्मी प्रयोगशाळेत १९९५ मध्ये टॉप क्वार्क सापडला त्या दोन गटांपैकी एकात, आणि जिनिव्हानजीकच्या सर्न येथे २०१२ मध्ये हिग्ज कण आढळला त्या दोन गटांपैकी एकात, टाटा संस्थेचे लोक होते. सर्नच्या सीएमएस या उपकरणाचा एक बाह्य थर भारतीय सहभागाने सिद्ध झाला, आणि २०१७ मध्ये भारत त्या संघटनेचा सहयोगी सदस्य झाला. तेथील २७ किलोमीटर परिघाच्या कड्यात आज समोरासमोरून येणाऱ्या प्रोटॉनांची टक्कर १३·६ लक्ष कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेवर होते. हवेतील स्थिर प्रोटॉनावर आदळून हाच परिणाम साधण्यासाठी विश्वकिरणातील कणास १०¹⁷ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा लागेल, आणि तसे कण आकाशातून येतात. किंबहुना त्याच्या हजार पट ऊर्जेचेही येतात, पण अतिशय विरळा. निसर्ग अजूनही यंत्राच्या पुढे आहे, मात्र त्याची गती संशोधकाच्या आयुष्याशी जुळत नाही. हेही खरे, की हजारो सह्यांच्या आजच्या शोधनिबंधात कोणाचा वाटा कोणता हे शोधणे, कोलारच्या मोजक्या नावांच्या लेखांच्या तुलनेत, जवळजवळ अशक्य झाले आहे.

या गर्दीतही ज्यांचे काम स्वतंत्रपणे ओळखता येते अशांत रोहिणी गोडबोले यांची गणना करावी लागेल. पुण्यात १९५२ मध्ये जन्मलेल्या गोडबोले हुजूरपागा शाळेच्या आणि स. प. महाविद्यालयाच्या विद्यार्थिनी, १९८२ ते १९९५ या काळात त्या मुंबई विद्यापीठात अध्यापन करीत होत्या आणि नंतर बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत गेल्या. २०२४ मध्ये त्यांचे पुण्यात निधन झाले. मान्युएल ड्रेस यांच्यासमवेत त्यांनी केलेले महत्त्वाचे कार्य प्रकाशकणासंबंधी आहे. प्रकाशकण म्हणजे घटकरहित अशा कणाचे आदर्श उदाहरण. परंतु उच्च ऊर्जेवर तो क्षणमात्र क्वार्क आणि प्रतिक्वार्क यांच्या जोडीचे रूप धारण करतो, आणि त्या क्षणी टक्कर झाली तर तो प्रोटॉनासारखा वागतो. इलेक्ट्रॉन व पॉझिट्रॉन यांचे दाट पुंजके समोरासमोर आणणाऱ्या नियोजित यंत्रांत, पुंजके एकमेकांतून जाताना जो प्रकाश बाहेर पडेल, त्याच्या प्रकाशकणांच्या परस्पर टकरींतून नको असलेल्या कणांचा गदारोळ उठेल, असे या दोघांनी १९९१ मध्ये गणिताने दाखविले. तेव्हापासून अशा यंत्राचा आराखडा करणाऱ्यास पुंजक्यांचा आकार आणि दाटी ठरविताना या हिशेबाची दखल घ्यावी लागते.